शेंदूर फासलेली गिअरबॉक्स

नाना रागावले की आधी चष्मा काढून खिशात ठेवत. समोरचा माणूस स्पष्ट दिसला तर राग उतरतो, असं त्यांचं म्हणणं. खांदा कॉलनीत त्या खिशाला सगळे टरकून असत, आणि सर्वाधिक वेळा तो चष्मा खिशात गेला तो माझ्यामुळे, त्यांच्या पुतण्यामुळे.

त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची विलायती मोटार होती. नव्वदच्या आसपास तिच्या गिअरबॉक्सला तडा गेला आणि ती दारातच बसली. "तशीच गिअरची पेटी शोध," मला म्हणाले. मी मोठ्या ऐटीत भंगारातून एक जडशीळ लोखंडी गोळा रिक्षात घालून आणला. चष्मा खिशात गेला. "गाढवा, हे डिफरन्शियल! गाडीचं मागचं अंग. तुझं डोकंही तिथलंच दिसतंय."

मग ते स्वतःच निघाले, मला मागे घेऊन. पनवेलात बाळाराम भंगारवाल्याकडे एक जुनी पेटी दर खंडेनवमीच्या पूजेत बसून शेंदराने लाल झाली होती. नानांनी आधी तिला हात जोडले, मग स्क्रूड्रायव्हरने शेंदूर खरवडला. खाली लोखंडात ओतलेला नंबर निघाला. शेवटचा आकडा आमच्या पेटीपेक्षा वेगळा.

"पुढच्या मॉडेलची आहे. नको."

"अवो नाना, बोल्ट जुळतात, शाफ्ट जुळतो. तुमाला गाडी चालवायची हाय का नंबर?"

"उद्या दुसऱ्याची कवळी बसवशील माझ्या तोंडात!"

घरी नानी वाट बघत होत्या. याच गाडीतून त्या आपट्याहून नवरी होऊन आल्या होत्या. आता तब्येत ढासळत चालली होती, आणि एकदा या गाडीतूनच माहेरी जायचं होतं. "मला आपट्याला जायचंय," त्या कडाडल्या, "पेटीच्या बारशाला नाही!" नाना हटले नाहीत. मीही दातओठ खाल्ले, पण बोललो नाही. डिफरन्शियल आणणाऱ्याचं कोण ऐकतो?

थंडीत नानी गेल्या.

अस्थी घरी आल्या आणि नाना तडक बाळारामकडे गेले. तीच शेंदरी पेटी आणली, मेकॅनिकच्या डोक्यावर बसून गाडीत बसवून घेतली. आम्ही आपट्याला, पाताळगंगा नदीत अस्थी सोडायला निघालो. कलश माझ्या मांडीवर.

गिअर लोण्यासारखे पडत होते. दर गिअरला नानांचा चेहरा अधिकच लाल होत होता. "बसली," ते एकदम ओरडले, "मेली इतकी सरळ बसली!" आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली. "तू का गप्प? घाल की शिव्या मला!"

मी घातल्या. कलश घट्ट धरून, साठवलेल्या सगळ्या घातल्या. नाना एकेकीला मान डोलवत गाडी हाकत राहिले.