समोर कॅचर नको

कॉलेजात मी सॉफ्टबॉल खेळायचे असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे बेसबॉलसारखं काहीतरी ना?" मी हो म्हणते. समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. लग्न ठरताना सासऱ्यांना मात्र अगदी नीट समजावलं होतं, पिचर, कॅचर, बेस, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं बरं. पण आता बंद झालं ना ते?" बंद झालंच होतं. क्रिकेटवाल्यांना निदान गल्ली असते, कबड्डीवाल्यांना गावोगावचे सामने असतात. आमच्या खेळाला अख्ख्या डहाणूत कॉलेजचं मैदान सोडून जागा नव्हती, आणि तिथूनही क्रिकेटवाले हटायचे नाहीत. डिग्री हातात पडली की आमचा खेळ खलास.

टीमच्या पोरी मात्र सगळ्या मार्गी लागल्या. दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी राहायची ती शॉर्टस्टॉप वरोरला दिली. नवऱ्याची बोट आहे, ती मासळी घेऊन बाजारात बसते, आणि तिच्यासमोर पापलेटचे कल्ले उघडून बघायची कोणाची टाप नाही. सेकंड बेसवाली उंबरगावला गुजराती घरात गेली. व्हॉट्सॅपवर साड्या विकते आणि आता माझ्याशीही बोलायला सुरुवात "केम छे"ने करते. राइट फील्डवाली अंगणवाडी सेविका झाली. तिच्याकडे बॉल जवळजवळ कधी आलाच नाही, ती नुसती उन्हात उभी असायची. आता म्हणते, वरून सामान येईपर्यंत वाट बघायची सवय तिथेच लागली. कॅप्टन विमा एजंट आहे. तिचा फोन एकीला आला की ती बाकीच्यांना मेसेज टाकून सावध करते.

मी कॅचर होते. पिचर समोरून बॉल टाकणार, बॅटवाली तो मारणार, आणि तिने नाही मारला तर मागे उकिडवं बसून मी तो झेलणार, हे माझं काम. आता तलासरीला सरकारी ऑफिसात क्लार्क आहे, डहाणू रोडहून शेअर जीपने जाऊन-येऊन करते. समोरून येईल ते झेलायचं आणि कोणी थँक्यू म्हणायचं नाही, हे इथेही तसंच आहे. फक्त बसायला खुर्ची मिळाली.

राहिली आमची पिचर. ती तलासरीजवळच्या झरी गावची. घरची भात-नागलीची शेती, पोरगी काटक. सॉफ्टबॉलमध्ये बॉल खालूनच टाकावा लागतो. हात खांद्यातून गरकन फिरवायचा आणि मांडीजवळून बॉल सोडायचा. तिचा हात फिरला की समोरच्या कॉलेजच्या पोरी आधीच अर्ध्या मागे सरकायच्या. माझा डावा तळवा कायम सुजलेला असायचा. आई रात्री हळद लावून म्हणायची, "अभ्यास करायला पाठवलंय की मार खायला?"

पिचरला पोलीस व्हायचं होतं. दुसरं काही नाही, पोलीसच. लहानपणी महालक्ष्मीच्या जत्रेत तिने एक लेडीज पोलीस बघितली होती. त्या बाईने शिट्टी मारली आणि पाळण्यासमोर रेटारेटी करणारी माणसं मुकाट रांगेत उभी राहिली. "एका शिट्टीत ग!" असं ती अजून सांगते, डोळे मोठे करून. आमची टीम कधी विद्यापीठापुढे गेली नाही, त्यामुळे खेळाडू कोट्याचं नाव काढायला नको. सगळ्यांबरोबर पळायचं, सगळ्यांबरोबर गोळा फेकायचा, मग लेखी द्यायची. तोवर ती डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली होती. दिवसभर हजारो फुगे हातातून जातात पण एक फुगवायला मिळत नाही, असं तिचं म्हणणं.

पहिल्या भरतीत ती सशासारखी पळाली. धावण्यात कोणाला ऐकलं नाही. मग गोळाफेक आली. गोळा मानेपाशी धरून वरून ढकलायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. आमची बाई वर्तुळात उभी राहिली, श्वास घेतला, हात गरकन फिरवला आणि गोळा मांडीजवळून सोडून दिला. मोजणारे साहेब टेप धरून बघतच राहिले. "ताई, ही काय बॉलिंग आहे?" असं म्हणून त्यांनी फाउल दिला. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी घाबरून वरून फेकला तो पायाशीच पडला. संपलं. फोनवर हे सांगताना ती रडत होती, आणि मला रडूही येत होतं आणि त्या साहेबांचं तोंड डोळ्यांसमोर येऊन हसूही दाबावं लागत होतं.

पुढची भरती निघाली तेव्हा तिचं वय अगदी काठावर आलेलं. ही गेली की दार कायमचं बंद, मग आहेच फुग्यांचा कारखाना. मी म्हटलं, "रड बंद. मी घेते तुझी प्रॅक्टिस." मला गोळाफेकीतलं शष्प कळत नव्हतं, पण आत्मविश्वास दांडगा. एका शाळेच्या पीटीच्या सरांकडून गोळा मागून आणला, मोबाइलवर व्हिडिओ बघितले, आणि ऑफिसच्या आधी तलासरीत शाळेच्या मैदानावर आम्ही सुरू झालो. ती झरीहून भावाच्या स्कूटरवर यायची.

मी तिला सगळं सांगितलं. गोळा मानेला टेकव, कोपर वर ठेव, वरून ढकल. ती हो हो म्हणाली. मग गोळा नेमका कुठे पडतो ते बघायला मी समोर जाऊन बसले. तिने श्वास घेतला, हात फिरवला आणि गोळा खालून सोडला. तो सरळ माझ्याकडे आला. मी बाजूला उडी मारली म्हणून आज हे सांगायला आहे.

"अगं ए, काय करतेस!"

"काय माहीत ग. काल घरी बरोबर जात होता."

"घरी! घरी सगळ्यांचंच बरोबर जातं!"

रोज तेच. ती यायची, मी समजवायचे, ती हो म्हणायची, मी समोर जाऊन बसायचे, गोळा खालून यायचा. ती शपथ घेऊन सांगायची की शेतात एकटी असताना दगड वरून फेकते आणि चांगला लांब जातो. मला वाटलं, थापा मारतेय. प्रॅक्टिस करत नसणार. एक दिवस माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुला पोलीस व्हायचंच नाहीये. माझी सकाळ का फुकट घालवतेस?" ती गोळा उचलून पुसत बसली. तेवढ्यात माझ्या साहेबांचा फोन आला. त्यांना एक फाइल सापडत नव्हती, जी त्यांच्याच टेबलावर होती. मी उठले, पाठ फिरवली आणि फाइलचा रंग सांगत सांगत कुंपणापर्यंत चालत गेले. मागे धप्प असा आवाज झाला.

वळून बघते तर गोळा मी बसायची त्या जागेच्याही पुढे पडलेला, आणि ही बाई हात वर धरून उभी. साहेब फोनवर हॅलो हॅलो करत राहिले.

"वरून फेकलास?"

"वरून."

"कसा काय?"

ती गोळ्याकडे बघत म्हणाली, "तू उठलीस ना. तू समोर बसलीस की मला वाटतं, तुझ्या हातात टाकायचाय."

खरं सांगते, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. इतकी वर्षं तळवा सुजवून घेतला ते कोणाच्या तरी अंगात मुरलंय म्हणून. आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं, म्हणजे हिच्या वाटेतली धोंड मीच होते.

आम्ही खात्री करून घेतली. मी समोर उभी राहिले, गोळा खालून आला. बाजूला उभी राहिले, तरी खालून. कडुलिंबामागे लपले तर ओढणीचं टोक दिसलं म्हणे, खालून. शेवटी मी मैदानात पाऊलच टाकायचं नाही असं ठरलं. मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर पाठ करून बसायचे, आणि ती आत एकटी फेकायची. चहावाला विचारायचा, "मॅडम, बहिणीला आत सोडून तुम्ही बाहेर का?" मी म्हणायचे, "तिला माझी नजर लागते." त्याने पुढे काही विचारलं नाही. अशा गोष्टी लोकांना लगेच पटतात.

भरती पालघरला होती. आदल्या दिवशी तिने बजावलं, "तुला माझी शपथ आहे, उद्या येऊ नकोस." मी शपथ घेतली, आणि लगेच रजेचा अर्ज टाकला.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवाल्या पोरी बांधतात तसा स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळून मी मैदानाच्या जाळीबाहेर उभी होते. आजूबाजूला पोरींचे आईबाप, भाऊ, नवरे. प्रत्येकाचा जीव टांगणीला लागलेला. एक उसाच्या रसाची गाडी होती, मी तिच्या आडोशाला राहिले. धावणं झालं, ती मस्त पळाली. मग गोळा. पहिला तिने वरून फेकला, अगदी झकास, आणि पाय वर्तुळाबाहेर पडला. फाउल. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याला ती उभी राहिली, तिने मान वळवून जाळीकडे एकदा बघितलं, आणि मला दिसलं की तिचा हात मानेवरून खाली उतरतोय. खालून गेला. साहेबांनी मान हलवली.

आता एकच उरला होता. मला काय करावं सुचेना. पळून जावं तर हलताना दिसेन. मी होते तिथेच मटकन गाडीच्या चाकामागे बसले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. रसवाला वाकून म्हणाला, "ताई, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही, रस द्या." तेवढ्यात तिकडे धप्प झालं आणि कोणीतरी पोरगी आत ओरडली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावरून काही कळायला मार्ग नव्हता. तसं ते कधीच कळत नाही. माझ्या समोर येऊन तिने माझ्या हातातला ग्लास घेतला, रस घटाघटा पिऊन टाकला आणि म्हणाली, "पूर्ण मार्क." लेखीत ती कधी अडकणार नव्हतीच, आणि पुढे अडकलीही नाही. आज ती वर्दीत असते. पण तेव्हा मला लेखीबिखी काही आठवत नव्हतं. मी नुसती रडत होते.

"रडतेस काय? आणि शपथ घेऊन आलीस कशाला?"

"मी आत्ताच आले."

"चल, खोटारडी. दुसऱ्या गोळ्याच्या वेळीच दिसलीस. तो स्कार्फ तुला मीच दिलाय."

"म्हणजे दुसरा माझ्यामुळेच गेला?"

"हो," ती म्हणाली. तिला उगाच गोड बोलायची सवय नाही.

"आणि तिसऱ्याला मी दिसले नाही ना? मी खाली बसले होते."

"खाली बसलीस तेव्हाच तर नीट दिसलीस. चाकामागे उकिडवी, कॉलेजात बसायचीस तश्शी. हात परत खाली यायला लागला." तिने ग्लास गाडीवर ठेवला. "मग मनात म्हटलं, बसू दे तिला. हा तिचा नाही. तुझ्याकडेच बघत होते ग, आणि वरून फेकला."

मी भर रस्त्यात तिच्या गळ्यात पडले. लोक बघत होते, बघू देत म्हटलं.

"अगं हळू," ती म्हणाली, "खांदा दुखतोय."