फौजदारीणबाईंच्या पदवीचा हिशेब

माझ्या नातीला घरात सगळे फौजदारीणबाई म्हणतात. लहानपणी डब्यातली साखर कमी झाली की ती कोणाला विचारत बसायची नाही. कोणाच्या उशीपाशी मुंग्या आल्यात ते बघून यायची. बहुतेक वेळा तिचा काकाच सापडायचा.

तिचा बाप, म्हणजे माझा थोरला, कुलपांचं दुकान चालवतो. किल्ल्या हरवलेल्यांना दारं उघडून देतो. सून लाँड्रीत इस्त्री करते. पोरगी शाळा संपल्यापासून एका मोठ्या दुकानाच्या दारात उभी असते आणि बाहेर जाणाऱ्यांची पिशवी पावतीशी ताडून बघते. त्या दारातच तिच्या डोक्यात भुंगा शिरला. एका चांगल्या घरच्या बाईने बाबागाडीतल्या बाळाच्या गादीखाली साबणाच्या दोन वड्या सरकवल्या होत्या. पोरीने पकडलं, बाई रडली, आणि पोरगी घरी येऊन जेवेना.

"आजी, तिच्या पर्समध्ये पैसे होते गं. मग का?"

"मला काय विचारतेस? तिला विचारायचं."

"तिला ठाऊक असतं तर ती अशी रडली असती?"

पुढे गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीचं निघालं आणि प्रवेशही मिळाला. तीन वर्षं दिवसभराचं कॉलेज, म्हणजे दारातली नोकरी सुटणार. फी अशी की बँकेच्या कर्जाशिवाय गत्यंतर नाही. हप्ते पदवीनंतर सुरू होणार. जामीन बाप राहणार, आणि हप्ते थकले तर गदा त्याच्या दुकानावर. थोरल्याकडे दुसरं आहेच काय?

काका जेवायलाच आला होता. तो भाड्याची गाडी चालवतो आणि तोंड त्याहून जोरात चालवतो. म्हणाला, "बाप कुलपं उघडणार, लेक कुलपं फोडणाऱ्यांचा अभ्यास करणार. धंदा घरातच राहिला! पहिल्या वर्षाचे हप्ते माझ्याकडे लागले. काका मेलाय का?"

थोरला म्हणाला, "पुढच्या वर्षाचं मी बघतो. माझी थोडी येणी आहेत." सुनेचे डोळे भरून आले. मी भात वाढत राहिले. धाकट्याचा शब्द म्हणजे उन्हाळ्यातला ढग, हे मला त्याच्या जन्मापासून ठाऊक आहे.

कॉलेजच्या रंगीत पुस्तिकेवर हातात भिंग घेतलेला एक हसरा माणूस होता. फौजदारीणबाई त्यालाच शोधायला निघाल्या. म्हणजे ही पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना एकेक करून भेटल्या. एकजण विमा कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकत होता. एकीने लग्नाचे फोटो काढायचा धंदा धरला होता. एकजण मात्र खरंच तुरुंगातून सुटलेल्यांना काम मिळवून देणाऱ्या कचेरीत होता. त्याचा पगार आमच्या सुनेपेक्षा कमी.

"काम आवडतं का?" हिने विचारलं.

"फार आवडतं. फक्त महिनाअखेरचा चहा दुसऱ्याने पाजावा लागतो. हप्ता आधी जेवतो, मग मी."

"पुन्हा घ्याल का हीच पदवी?"

त्याने म्हणे आधी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "घेईन. पण कर्ज काढून नाही. संध्याकाळचे वर्ग असतात, पाच वर्षं लागतात. तेव्हा मला घाई होती."

घरी येऊन तिने नवशिक्याचा पगार आणि बँकेचा हप्ता शेजारी शेजारी मांडला. पगार बिचारा हप्त्याच्या खांद्यालाही लागेना. पण घरच्यांची मदत धरली तर पहिली दोन वर्षं निभत होती. सगळं त्या मदतीवर येऊन अडलं. मग तिने मुंग्यांचीच रीत वापरली. काकाला गाडी धुताना गाठलं.

"काका, माझ्या हप्त्यांचे पैसे कुठून आणणार?"

"आणायचे कशाला? गाडीच्या इंजिनाला तुझ्या बापाने दिले होते ना, ते फेडायचेच आहेत. त्याला देण्यापेक्षा तुलाच देतो."

तशीच ती बापाच्या दुकानात गेली. "बाबा, तुमची येणी कोणाकडे आहेत?"

"काकाकडे. इंजिनाचे."

एकच पैसा दोघांनी आपापल्या खिशात वाजवून दाखवला होता, आणि खरं तर तो दोघांच्याही खिशात नव्हता. रात्री घरी तिने दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा मी हसू आवरायला पदर तोंडात धरला. थोरला मात्र गोरामोरा झाला. "तरी सही करतो मी," म्हणाला. "दुकान गेलं तर जाऊ दे."

"कुलूपवाल्याच्याच दाराला बँकेचं कुलूप?" पोरगी म्हणाली. "नको बाबा."

दुसऱ्या दिवशी तिने दिवसाच्या वर्गातली जागा सोडली आणि संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. आल्यावर ती पुस्तिका तिने माझ्या भाजीच्या टोपलीत अंथरली.

काकाला राग आला. "पाच वर्षं? तोवर सगळे चोर म्हातारे होतील!"

"नवे येतील, काका. तुम्ही इंजिनाचं बघा."

आता ती दिवसभर दारात उभी असते आणि संध्याकाळी वर्गात बसते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काकाच्या घरी जाते, चहा पिते आणि इंजिनाचे थोडे पैसे घेऊनच उठते. फी त्यातून आणि तिच्या पगारातून जाते. काका म्हणतो, बँक परवडली असती, ती निदान घरी येऊन बसत नाही.