कोठ्यातल्या दोन बरसाती

आमच्याकडं ढोरं बांधाच्या जागेले कोठा म्हनतात. गाईचा कोठा, बैलाचा कोठा. धान ठेवाले ढोली, तसा ढोरायले कोठा. दुसरा शब्द मले माहीत नव्हता न त्याची गरजबी कधी पडली नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पलीकडं आमचं गाव. तिथं मी न माही पोरगी दोन वर्स कोठ्यात राहिलो. नवरा आधीच गेला होता. मंग एका बरसातीत घराची मागची भित बसली, तिच्यासंगं छप्पर बसलं. आम्ही दोघी बाहेर उभ्या राहून पाहत राहिलो. ज्या मोठ्या घरी मी कामाले जात होती, तिथली मालकीन म्हने, "कोठ्याचा एक कोपरा खाली हाय. राह्य तिथं. शेन काढजो, चारा टाकजो."

मी म्हनलं, "बरं."

एवढंच बोलनं झालं.

आता मले सरकारचं घरकुल भेटलं हाय, सिमेटचं. पन दुपारी जरा डोळा लागला का मी कोठ्यातच जातो. चार गाई, एक म्हैस, एक म्हातारा बैल. थंडीच्या दिवसात सकाळी तिथं धुकं राहे. बाहेरचं नाही, ढोरायच्या नाकातलं. कुडाच्या फटीतून उजेड आला का ते धुकं हळूहळू वर जाये. पोरगी उठून उभी राहे तं कमरेच्या वरच दिसे, पाय नाहीच. म्हने, "माय, मी ढगात हावो."

मी म्हनो, "ढगात शेन नसते. चल, टोपली घे."

लाल गाईच्या पाठीले पाठ लावून ती अभ्यास करे. गाय रवंथ करे न ही पाढे म्हने, दोघींचं एका सुरात चाले. मले ऐकता ऐकता समजे नाही का कोन कोनतं करून राहिली. एकदा शाळेतून आली न म्हने, "माय, पुस्तकात कोठ्याले गोठा म्हनतात."

"पुस्तकातल्या गाईचा गोठा असन," मी म्हनलं. "आपल्या गाईचा कोठा."

मालकीननं ते ऐकलं. तेव्हापासून ती पोरीले चिडवे, "काय वो गोठेवाली बाई, चारा टाकला का?"

गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तं गोंदियाले मुलींच्या वसतिगृहात जागा भेटाले पाहिजे, तिथं जेवनखान फुकट. नाही भेटली तं पोरगी माह्यासंगं चिखलात, धानाचा रोवना कराले. एकदा रोवन्यात वाकली का पोरगी मंग शाळेत सरळ होत नाही, हे मी माह्यावरून जानत होती. गुरुजीनं अर्ज लिहून देल्ला. धानाचे परहे, म्हंजे रोपं, हातभर झाले होते तेव्हा आम्ही बसनं गेलो.

गोंदियात उतरलो तवापासून पोरगी पाट्या वाचत चालली. गुदाम. धर्मशाळा. दवाखाना. विश्रामगृह.

मी म्हनलं, "गृह म्हंजे काय वो?"

"घर, माय."

"मंग घर काऊन नाही लिहत?"

तिनं जरा विचार केला. "मोठं असलं का गृह होते."

आमच्या कोपऱ्याले काय म्हनाचं ते मी विचारलं नाही.

वसतिगृहाच्या बाई चष्मेवाल्या होत्या, गोंदियातल्याच, हिंदी बोलनाऱ्या. अर्ज पाहून म्हने, "बच्ची होशियार है." मले बरं वाटलं. मंग पेन घेऊन त्यायनं विचारलं, "रहते कहाँ हो?"

"कोठ्यात," मी म्हनलं.

पेन थांबला. "क्या बोली?"

"कोठ्यात राहून राहिलो, बाई. दोन वर्स झाले."

"बच्ची भी वहीं?"

"तिले अजून कुठं ठेवू?"

"किसका है वो?"

"गावच्या मोठ्या मालकाचा. लय भला मानूस हाय. भाडं घेत नाही, काम करून घेते."

बाईनं अर्ज बंद केला न माह्याकडं सरकवला. पोरीकडं पाहत नव्हत्या. "देखो, यहाँ अच्छे घर की लड़कियाँ रहती हैं. मैं नहीं ले सकती. जाओ अब."

आम्ही बाहेर वरांड्यात आलो. मी आपले हात नाकाले लावून पाहले. सकाळी राख लावून धुतले होते, तरी मले वाटलं का वास येत असन. पोरीले म्हनलं, "चल, चारची बस भेटन." ती पायरीवर बसली ते उठेच नाही. तिची फ्राक मांडीखाली घट्ट धरून बसली होती.

वरांड्यात एक सैपाकीन तांदूळ निवडत होती. आमच्याच मुलखातली, बोलन्यावरून समजलं. पदर तोंडाले लावून हसत होती.

"काय वो मावशी, काय सांगतलं तुम्ही आत?"

"कोठ्यात राहतो म्हनलं. कायले हसता?"

"अगे माय. त्या हिंदीवाल्या बाई हायेत. हिंदीत कोठा म्हंजे..." तिनं पोरीकडं पाहलं, सूप खाली ठेवलं न माह्या कानाशी येऊन सांगतलं.

मी खालीच बसली. हसू आलं नाही, रागबी नाही आला. वरांडा तिथंच होता, ऊन तिथंच होतं, पन माह्या डोळ्यापुढं कोठा आला. लाल गाय मान वळवून माह्याकडं पाहून राहिली न मले तिची लाज वाटून राहिली, जसं का मीच तिच्याबद्दल काही वंगाळ बोलून आली.

पोरगी म्हने, "काय म्हने ते, माय?"

"काही नाही. तुह्या पुस्तकात काय म्हनतात ढोरायच्या जागेले?"

"गोठा."

"जाय, आत जाऊन तेच सांग."

"तू तं म्हनते तो पुस्तकातल्या गाईचा."

"आज पुस्तकातलीच होऊ दे आपली गाय."

ती आत गेली. मी दाराशी उभी राहिली. ती शाळेतल्यासारखी हात बाजूले सरळ ठेवून बोलली, "मॅडम, आम्ही गोठ्यात राहतो. चार गाई, एक म्हैस आणि एक म्हातारा बैल."

बाईनं तिच्याकडं पाहलं, मंग माह्याकडं. लय वेळ पाहलं. "गोठा? मतलब तबेला?"

"हो, मॅडम."

बाईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तो पहले बताना था ना."

"सांगतलं होतं, बाई," मी म्हनलं.

बाहेर सूप वाजलं न सैपाकीन खोकली. ते खोकनं नव्हतं.

बाईनं अर्ज ओढून घेतला. राह्याच्या जागेवर काय लिहाचं म्हनून पेन तसाच धरून बसल्या. मंग एक शब्द लिहिला न शिक्का मारला. पोरीले त्याच दिवशी ठेवून घेतलं. तिची पिशवी मी संगंच आनली होती, मालकीनले सांगतलं नव्हतं.

निरोपाले ती फाटकापर्यंत आली. "माय, त्यायनं पशुगृह लिहिलं," म्हने. "आपलंबी गृह झालं."

मी बसनं एकटीच आली. रस्त्यानं दोन्हीकडं धानाच्या बांध्यायत पानी होतं, त्यात आभाळ पडलं होतं, न बस मले जमिनीवर चाललीच नाही असं वाटलं.

मालकीन दारातच होती. "गोठेवाली कुठं हाय वो?"

मी म्हनलं, "गृहात."

सकाळी उठली तं लाल गाय पोरीच्या जागेवरची तनस हुंगून राहिली होती. कुडातून उजेड आला. धुक्याचे दिवस नव्हते, तरी मले तिथं कमरेएवढं धुकं दिसलं, न वर कोनीच नाही. मी शेन काढलं, चारा टाकला, न रोवन्याले गेली.