सतरा माणसांची होडी

आमच्या उद्योगनगरी सेवा क्लबाला जलसुरक्षेचा झटका आला तो निव्वळ हेव्यातून. कोकणातल्या एका बंदरगावच्या क्लबाला होड्यांच्या सुरक्षिततेच्या कामाबद्दल क्लबांच्या प्रांताचं पहिलं बक्षीस मिळालं आणि आमचे अध्यक्ष नानासाहेब आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. त्या लोकांनी वर्षभर एकेक होडी तपासली होती. आम्हाला त्यातलं फक्त बक्षीस दिसलं. भोसरीपासून समुद्र किती लांब आहे, हा प्रश्न रहाटणीच्या हॉलमधल्या बैठकीत कुणी काढला नाही. मीही नाही. माझं तळवड्यात फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आणि क्लबात मला तेवढ्यासाठीच ठेवलंय.

कामाचा माणूस आमच्यात एकच होता, बुद्धरत्न सोनकांबळे. त्याचे वडील लातूरकडून भोसरीला आले आणि फाउंड्रीत राबून त्यांनी एका खोलीत चार मुलं वाढवली. बुद्धरत्न आयटीआय करून प्रेस शॉपला लागला. शेजारच्या मशीनवर एकाची तीन बोटं गेलेली त्याने पाहिली आणि तेव्हापासून तो सेफ्टीच्या मागे लागला. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं त्याने लोकांना चष्मे, हातमोजे घालायला लावले आणि शिव्या खाल्ल्या. लिफ्टमध्ये शिरतानाही हा माणूस आधी आतली पाटी वाचायचा. सेवा क्लबात सेवा करतात अशा समजुतीने तो आमच्यात आला होता. एवढा एक भोळेपणा त्याच्यात होता खरा.

काम त्यानेच शोधलं. चाकणच्या पुढे धरणाच्या फुगवट्यापलीकडे एक वाडी आहे. तिथल्या बायका कंपनीची बस गाठायला रोज पाणी ओलांडतात, तेही एका जुनाट लाकडी होडीतून. होडी वल्हवायच्या केसरबाई. बुद्धरत्नने चार रविवार तिथे घालवले, पाण्याची खोली मोजली, बायकांशी बोलला आणि फायबरची नवी होडी सुचवली. सोबत लाइफ जॅकेटं. क्लबाने होकार दिला. उद्घाटनाचा फ्लेक्स मात्र होडीपेक्षा लांब करायला सांगितला. मी केला.

त्या रविवारी सकाळी आम्ही तीन गाड्या भरून गेलो. जॅकेटं प्लॅस्टिकच्या पिशव्यांतच होती, कारण ती घातली की छातीवरचे क्लबाचे पट्टे झाकले जातात, असं नानासाहेबांचं म्हणणं. होडीवर ठळक लिहिलं होतं : कमाल आठ माणसं. नानासाहेब चढले, कार्यकारिणी चढली, खजिनदारांच्या पत्नी सुमनताई चढल्या, मग मीही चढलो.

बुद्धरत्न काठावर दोर धरून उभा होता. "नानासाहेब, केसरबाई धरून अठरा झाले. दहा जण उतरा."

"सोनकांबळे, आपण काय समुद्रात चाललोय? फोटो काढायचा आणि परत यायचं."

"फोटो काठावर काढा."

"प्रत्येक ठिकाणी कंपनी आणू नका हो. चांगलं काम चाललंय, त्यात अपशकुन कशाला?"

बुद्धरत्न केसरबाईंकडे वळला. "केसरबाई, तुम्ही तरी उतरा."

केसरबाईंनी वल्हं खाली ठेवलं. "उतरते. एवढी मानसं घिऊन म्या कवाच गेली न्हाई," असं म्हणून त्या उतरल्या. नानासाहेब हसले, त्यांना पाहून सगळे हसले. खजिनदारांनी बुद्धरत्नच्या हातातून दोर जवळपास हिसकावला आणि स्वतःच वल्हं मारलं.

काठापासून वीसेक हातांवर गेलो. काठावरून फोटोग्राफर ओरडला, "सगळे इकडे वळा, बॅनर दिसू दे." सतराच्या सतरा एका बाजूला वळलो. होडी उलटायला एक क्षण पुरला.

पाणी थंड होतं आणि पायाखाली काही नव्हतं. मी दोनदा बुडालो. वर आलो तेव्हा काठावर बुद्धरत्न दातांनी पिशव्या फाडताना दिसला. त्याला पोहता येत नाही, आणि म्हणूनच त्याने उडी मारली नाही. दोन-दोन जॅकेटं जुन्या होडीच्या सोडलेल्या दोराला बांधून तो फेकत होता, ओढत होता, पुन्हा फेकत होता. केसरबाई जुनी होडी घेऊन आमच्यात शिरल्या. नानासाहेब वर चढायला लागले, तर त्यांच्या हातावर वल्हं हाणून म्हणाल्या, "चढू नगा. नुस्ती कड धरा. न्हाईतर ही बी उलटंल." आमचे अध्यक्ष गपचूप कड धरून लोंबकळत काठाला आले. सगळे वाचलो. सुमनताईंच्या छातीत पाणी गेलं, त्या चार दिवस दवाखान्यात होत्या.

पुढच्या बैठकीत अहवाल वाचला गेला. अचानक वारा सुटला, अध्यक्षांनी प्रसंगावधान राखून सदस्यांना धीर दिला, असं त्यात होतं. टाळ्या झाल्या. सुमनताईंचे पतीही वाजवत होते.

बुद्धरत्न उठला. "वारा नव्हता. आठच्या होडीत सतरा जण होते. जॅकेटं पिशवीत होती. एवढं इतिवृत्तात लिहा. दुसरं काही मागत नाही."

"तुमचा दृष्टिकोनच नकारात्मक आहे," नानासाहेब म्हणाले.

"लिहिणार का?"

"नाही."

"मग क्लबातून माझं नाव काढा," एवढं बोलून तो निघून गेला. कुणी थांबवलं नाही. त्या वर्षी प्रांताने आम्हाला जलसुरक्षेचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र दिलं. ते घेताना नानासाहेबांचे डोळे पाणावले. एवढी लाज मला त्या पाण्यातही वाटली नव्हती.

बुद्धरत्न वाडीवर जातच राहिला. फायबरची होडी त्याने आणि केसरबाईंनी बाहेर काढून दुरुस्त केली. दोन खेपा कराव्या लागतात म्हणून बस चुकायची, तेव्हा त्याने कंपनीत खेटे घालून बस दहा मिनिटं थांबवायला लावली. आता वाडीतल्या बायका जॅकेटाशिवाय होडीत पाय ठेवत नाहीत, आणि नववी बाई मुकाट मागे थांबते.

परवा एका रविवारी मी तिथे गेलो. माफी मागायची होती, शब्द जुळवून ठेवले होते. त्याने काही ऐकून घेतलं नाही. एक जॅकेट माझ्या गळ्यात घातलं आणि पट्टे स्वतः आवळले.

"ह्ये कोन पावनं?" केसरबाईंनी विचारलं.

"ओळखीचे आहेत," बुद्धरत्न म्हणाला. "मधे बसवा."