सालींची बादली

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर भाजीच्या साली निवडल्या. संध्याकाळी, गॅलरीत बसून. बिल्डिंगमधल्या बायका आमच्या दाराच्या कडीला पिशव्या अडकवून जातात. मटारची टरफलं, कोबीची पानं, कलिंगडाच्या साली. माझी बायको गुणा त्या बादलीत ओतायची आणि सगळं बोटांनी चाचपायची. रबर, टाचणी, दुधाच्या पिशवीचा तुकडा... "डोल्यांना दिसत नाय, बोटांना कलतं," म्हणायची. त्या दिवशी मला म्हणाली, "अवं, नीट बघा, बैलाच्या पोटात जायाचा हाय." मी म्हटलं, "तुझ्या सोन्याला माझ्यापेक्षा बरं जेवन मिलतं." हसली. पहाटे तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच ती गेली. घरी आलो तेव्हा साली बादलीत तशाच होत्या.

सोन्या म्हणजे माझा पुतण्या निलेश याचा शर्यतीचा बैल. आमच्या तळवलीत शेती कधीच गेली, शेतांवर बिल्डिंगी झाल्या, आम्ही पण त्यातल्याच एकीत राहतो. पण बैल ठेवायची हौस काही गेली नाही. सोन्या वासरू होता तेव्हा गुणानं त्याला हातानं पेज पाजली होती. मग एका उन्हाळ्यात तो लंगडायला लागला, तरी निलेश त्याला पळवतच राहिला. हाकायच्या काठीला, पराणीच्या टोकाला खिळा. ढुंगणावर जखमा आणि जखमांत अळ्या. गुणा त्याच्या दारात जाऊन भांडली. "काकी, बैल माझा हाय, तू नको बोलू," म्हणाला. पुन्हा गेली, पुन्हा तेच. त्यानंतर ती भांडली नाही. तिनं प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला फोन केला.

संस्थेची वैदेही आली. ऐरोलीला कंपनीत नोकरी, पायात पांढरे बूट, शेणात पाय कुठं ठेवू म्हणून बघत उभी. मी म्हटलं, ही काय करणार! मला वाटायचं संस्थावाले येतात आणि जनावर सोडवून नेतात. तसं नसतं. जनावर ताब्यात घ्यायला पोलीसच लागतात. संस्था तक्रार लिहून देते, डॉक्टर आणते, पोलिसांच्या पाठी लागते आणि केस चालू असेपर्यंत जनावर आपल्या गोठ्यात सांभाळते. पण पंचनाम्यावर सह्या करायला दोन माणसं लागतात, ती काय संस्था पैदा करणार? गाव म्हणजे सगळी भावकी. हवालदार उन्हात उभा आणि जो तो दार लावून घेतोय. गुणा पुढं झाली, मग वळून माझ्याकडं बघितलं. "नवराबायको दोघं?" हवालदार म्हणाला. "मग दुसरा कोन येतो का बघा तुमी," ती म्हणाली. कोण येणार! तिनं वैदेहीच्या पेनानं जोर लावून 'गुणा' एवढंच लिहिलं. खाली मी माझं नाव लिहिलं. मग सोन्या संस्थेच्या गोठ्यावर गेला.

तेव्हापासून माझी झोप गेली ती गेलीच. तारीख पडायची, पुढं जायची, पुन्हा पडायची. भावकीत बोलणं बंद, हळदीची आमंत्रणं बंद. वैदेही सांगायची, "काका, पंच फिरला की केस ढिली पडते. मग सोन्या त्यांच्याच दावणीला परत जाईल." दर रविवारी आम्ही बादली घेऊन, बस बदलून संस्थेच्या गोठ्यावर जायचो. गुणाचा आवाज आला की सोन्या मान वर करायचा. मी कोर्टाला घाबरायचो, भावकीला घाबरायचो. ती घाबरायची फक्त सालींतल्या रबराला. केसचा निकाल अजून लागलेला नाही. हे तुम्ही वाचाल तेव्हाही लागला असेल असं वाटत नाही.

गुणा गेली तेव्हा सगळ्यात आधी कोण आला? निलेशच. पुढचा खांदा त्यानंच दिला. पोरासारखा रडला. मला मुलगा नाही, दोन्ही मुली लांब दिल्यात. दोन्ही वेळचा डबा त्याच्या घरून येऊ लागला. आणि बाराव्यानंतर साक्षीची तारीख आली... आता ज्यानं माझ्या बायकोला खांदा दिला, त्याच्यासमोर उभं राहून बोलायचं. आणि मला खांदा कोण देणार? लोकांना हसू येईल, पण या वयात माणसाला तीच काळजी असते. भावकीतले म्हणाले, "आठवत नाय सांगा, वय झालाय तुमचा, कोन काय बोलनार?" सोपं होतं. गुणा नव्हती, म्हणून तर आणखीच सोपं.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी निलेश डबा घेऊन आला. साक्षीचा चकार शब्द काढला नाही. जाताना म्हणाला, "काका, सकाली गाडी आनतो. मना पन बेलापूरला कोर्टातच जायाचा हाय. बसचे धक्के कशाला खाता?" धमकी दिली असती तर बरं झालं असतं. डबा उघडलाच नाही मी.

सकाळी उठलो. कडीला पिशव्या होत्याच. बायकांनी त्या लावायचं थांबवलं नाही. बादलीत ओतल्या आणि चाचपत बसलो. कोथिंबिरीच्या देठांत एक लाल रबर सापडलं. ते खिडकीच्या गजाला अडकवलं, तिनं अडकवलेल्या रबरांशेजारी. मग बादली घेऊन खाली उतरलो. निलेशनं आतून गाडीचं दार उघडलं. मी बाहेरच उभा राहिलो. म्हटलं, "निल्या, मी खरा सांगनार हाय. खिला पन सांगनार, अल्या पन सांगनार. आत्ताच बोलतो, मंग म्हनू नको काकानं गाडीत बसून फसवला. नेतोस तर ने, नायतर बस हाय."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. मग म्हणाला, "आनि ही बादली?"

"कोर्टातून तसाच सोन्याकडं जायाचा हाय."

 त्यानं दार उघडंच ठेवलं. मी मागं नाही बसलो, त्याच्या शेजारीच बसलो, बादली मांडीवर घेऊन.