मॅडमनी विचारलं

दवाखान्यात सतरा वर्षं नर्स म्हणून काढली की किस्से आपोआप साठतात. इथं जळकोटला जेवणाच्या सुट्टीत मी ते हसत सांगायचे. गेल्या महिन्यात माझ्याच गळ्याला गाठ निघाली, तेव्हापासून तेच किस्से मला वेगळे ऐकू येतात.

सगळं आमच्या डॉक्टर मॅडममुळं. त्यांचा नियमच, डॉक्टरनं एकट्यानं ठरवायचं नाही, पेशंटला दोन्ही वाटा सांगायच्या आणि विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" आसपासच्या डॉक्टरांनाही त्या हेच पटवत फिरतात.

*

पहिला दणका पिराजी आजोबांना. मेंढरामागं फिरणारा धट्टाकट्टा माणूस, बीपी जरासा वाढलेला. मॅडम म्हणाल्या, "गोळी आत्ताच सुरू करू, की महिनाभर मीठ कमी करून बघू? तुम्हाला काय वाटतं?"

आजोबा पांढरेफटक. बाहेर येऊन लेकाला म्हणाले, "तुज्या बहिणीला बोलवून घे. डागदरच मला इचारायलीय, म्हंजी संपलं सगळं."

दुपारी माकणीहून टेम्पो भरून पाहुणे आले. रडतच उतरले.

*

शेजारच्या गावच्या डॉक्टरांनी एकदाच विचारून पाहिलं. पेशंट चप्पल घालत बायकोला म्हणाला, "चल. सायबालाच कळंना झालंय."

*

गोदामावशींचं गर्भाशय काढायचं की औषधं घ्यायची, असा प्रश्न होता. त्या तुळजापूरला गेल्या. तिथल्या चिंतामणी दगडावर हात ठेवून मनातलं विचारलं की तो 'हो' असेल तर उजवीकडं, 'नाही' असेल तर डावीकडं फिरतो.

परत आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या. "फिरलाच न्हाय, मॅडम. आईबी म्हनती, तुमचं तुमी बघा!"

*

एका सुनेला विचारलं, सिझेरियन करायचं की अजून वाट बघायची? उत्तर सासूनं दिलं, मग नवऱ्यानं, मग फोनवरून दिरानं. मॅडमनी परत सुनेलाच विचारलं.

शेवटी ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "सिस्टर, मी बोललं तर चालंल का?"

त्या दिवशी मला हसू आलं नाही.

*

परवा माझा नंबर. सुईची तपासणी झाली, तरी कॅन्सर आहे की नाही ते नक्की कळेना. मॅडमनी खुर्ची माझ्याशेजारी ओढली.

"ऑपरेशन करून घ्यायचं, की सहा महिने लक्ष ठेवून परत तपासायचं? तुमच्या बाबतीत दोन्ही चालण्यासारखं आहे. तुम्हाला काय वाटतं, सुनंदाताई?"

रोज ऐकलेलं वाक्य, पण आज ते मला होतं. वाटलं, ही बाई मला एकटीला सोडून चालली. पिराजी आजोबांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

"मॅडम, तुमच्या सख्ख्या बहिणीला अशी गाठ असती, तर काय केलं असतं?"

"होती," त्या म्हणाल्या.

"मग?"

त्यांनी माझा रिपोर्ट टेबलावर सरळ करून ठेवला.

"आमच्या घरात चार डॉक्टर. तिला कुणी विचारलंच नाही."