मेली म्हणून सांगायचं

"मला इचारत कोण आला, तर सांगायचं, मेली."

हे ती सत्तूर खाली आणता आणता सांगायची. वाक्य संपायला आणि कोंबडीचा पाय तुटायला एकच गाठ पडायची, त्यामुळे 'का' असं विचारायची कोणाची छाती होत नसे. ओंडक्यावरून पिसं झटकत ती वर बघायची आणि आपण मान डोलवायची, एवढाच त्यातला व्यवहार.

दहिवलीच्या आमच्या गल्लीत तिचा चिकनचा गाळा आणि बरोबर समोर माझं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि 'इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून मिळतील' अशी पाटी. माझ्या डाव्या हाताला चहावाला, उजव्या हाताला फुलवाली मावशी. आम्ही तिघांनीही तिचा हुकूम इमानाने पाळला. ती घाऊक बाजारात गेलेली असताना गॅसवाला आला, तर आम्ही त्याला तिच्या मरणाची बातमी देऊन भरलेल्या सिलिंडरसकट परत पाठवला. कुरिअरवाल्याने एकदा हळहळून विचारलं, "कशाने हो गेल्या?" चहावाल्याने न अडखळता सांगितलं, "कावीळ." परत आल्यावर तिने दोघांचीही बातमी ऐकली आणि "शाब्बास" म्हणून आम्हाला पावपाव किलो कलेजी दिली. फुलवाली माळकरी, तिने आपली कलेजी चहावाल्याला दिली.

तिचा राग तुम्ही पाहायला हवा होता, अर्थात लांबून. एका गिऱ्हाइकाने "बारीक पीस कर, नीट कर" असं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत सत्तूर त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर ओंडक्यात रुतला होता. "तुजी बोटं बी बारीक करू काय रं?" तो माणूस पांढराफटक पडला. मग तिने त्याचं चिकन खरंच बारीक करून दिलं, वर दोन पेठे, म्हणजे कोंबडीच्या पोटातल्या पिशव्या, जास्त टाकले. पुढे तो कायमचा गिऱ्हाईक झाला. मी एकदा बिलबुक ठेवायचा सल्ला दिला तेव्हा माझ्या टेबलावर कोंबडीचं मुंडकं येऊन पडलं होतं. मी मात्र पेठे मागितले नाहीत.

सत्तूर ती डाव्या हाताने चालवायची. उजवं मनगट वाकडं होतं. खालापूरकडच्या एका गावात तिचं सासर. तिच्या भावांनी भाताची जमीन विकली तेव्हा नवऱ्याने तिला वाटा मागायला माहेरी पाठवलं. ती रिकाम्या हाताने परत आली. त्याने तिचा हात पाट्यावर धरला आणि वरवंटा घातला. हे तिने मला एकदाच सांगितलं, आणि 'आज पाणी उशिरा आलं' म्हणून सांगावं तसं सांगितलं.  ती सांगता सांगता कोंबडी सोलत होती.

तिथून ती पळाली. आधी खोपोलीत खोली घेतली, मग नेरळमध्ये. दोन्हीकडे तो पोचला, कारण दोन्हीकडे कोणीतरी भल्या मनाच्या माणसाने त्याला पत्ता सांगितला होता. 'बायको रुसून आलीय, न्यायला आलोय' असं तोंड पाडून म्हटल्यावर कोण पत्ता सांगणार नाही? दोन्हीकडे त्याने लाथ मारून दार मोडलं, तिला केसांना धरून फरफटवलं, आणि दुसऱ्या दिवशी खोलीमालकाने तिलाच बाहेर काढलं. "भाड्याचं दार मोडलं की मालक दाराला रडतो," ती म्हणायची. "माझ्या टाळक्यात टाके पडले त्याचं कोणाला काय नाय." दहिवलीत तिने खोली घेतलीच नाही. गाळ्याच्या पोटमाळ्यावर कोंबड्यांच्या वासात झोपायची आणि गल्लीला ते एक वाक्य शिकवून ठेवायची.

एक दिवस ती हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसली. हात धुऊन ती कोणाकडे जात नसे, तेव्हाच मी ओळखलं की काम मोठं आहे.

"भाऊ, मला दार घ्यायचंय."

घर हा शब्द तिने कधीच उच्चारला नाही. शेलूला नव्या इमारती उठत होत्या, तिथे एक खोली-स्वयंपाकघर तिने बघून ठेवलं होतं. काही रक्कम साठली होती, बाकीचं कर्ज हवं होतं. मी तिला समजावलं की पगारदार माणूस पगाराची स्लिप दाखवतो आणि बँक त्याला चहा पाजते. धंदेवाल्याला आधी तीन वर्षांचे रिटर्न दाखवावे लागतात, दुकानाचा परवाना लागतो, पैसा बँकेतून आला-गेला पाहिजे. तिचा सगळा धंदा रोखीचा, आणि रोकड पोटमाळ्यावर तांदळाच्या डब्यात.

"तीन वर्सं?" ती म्हणाली. "आन तवर त्यानं गाठला तर?"

 मी फॉर्म काढला.

माझ्याकडे येणारा प्रत्येक दुकानदार खुर्चीत टेकायच्या आधी म्हणतो, "साहेब, जरा कमी दाखवा." ती एकटीच म्हणाली, "सगळा दाखव. एक कोंबडी सोडू नको." तिने परवाना काढला, खातं उघडलं, गाळ्यावर पैसे स्कॅन करायचा कोड लावला. मोबाईलवाल्या पोरांना ती विचारायची, "पैसा गेला का हवेतच हाय?" फोन बोलला की मगच पिशवी हातातून सोडायची. तीन वर्षं अशी गेली. रस्त्यात कोणी मोठ्याने हाक मारली की तिचा हात आधी सत्तुराकडे जायचा.

मग मी तिला बँकेत घेऊन गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने सवयीने पगाराची स्लिप मागितली. "मी पगार घेत नाय न देत बी नाय," ती म्हणाली. उत्पन्न नेमकं कशाचं, असं त्याने विचारल्यावर तिने डावा पंजा टेबलावरून थेट त्याच्या नाकाशी नेला. "वास घे. सात पाण्यानी धुतला तरी जात नाय." त्याने खुर्ची मागे सरकवली आणि फाईल घेतली.

शेलूचा नमुना फ्लॅट बघायलाही मी बरोबर होतो. विकणारा माणूस फरशी दाखवत होता, खिडकीतून डोंगर दाखवत होता. तिने काहीच बघितलं नाही. मुख्य दार बाहेरून ओढून घेतलं, पदर खोचला, दोन पावलं मागे गेली आणि दाराला अशी लाथ घातली की चौकटीतून गिलाव्याचा तुकडा पडला. तो माणूस ओरडत बाहेर आला. ती शांतपणे म्हणाली, "ह्ये नाय टिकायचं. बाहेरून लोखंडी बसव. मग घेते." त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बसवा." आणि त्याने लिहून घेतलं.

सगळं जमत आलं आणि आमच्या गल्लीने घात केला.

कर्ज देण्याआधी बँकेचा माणूस न सांगता येऊन जातो. धंदा आहे का, बाई कशी आहे, हे शेजारपाजाऱ्यांना विचारतो. हा माणूस आला श्रावणातल्या सोमवारी. चिकनच्या गाळ्याचं शटर बंद, ती बाजारात, मी पनवेलला. त्याने चहावाल्याला हलक्या आवाजात विचारलं, "ह्या बाई इथेच असतात ना?" एवढं पुरे होतं. चहावाला म्हणाला, मेली. फुलवालीने डोळ्याला पदर लावला आणि तिच्या तेराव्याला आपणच हार दिल्याचं सांगितलं. त्या माणसाने बंद शटरला दोन क्षण हात जोडले आणि तो निघून गेला.

फाईल परत आली. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, 'अर्जदार मयत'.

मी तो शेरा तिला वाचून दाखवला. ती उठली, रस्ता ओलांडून गेली आणि चहावाल्याचे सगळे ग्लास एका हाताने खाली लोटले. त्याच्या कानाखाली वाजवली. किटली उचलून भिंतीवर आपटली. चहावाला गाल धरून पुटपुटला, "ताई, तूच सांगितलंस ना गं." तेव्हा ती त्या काचांमध्येच मटकन खाली बसली. तिला रडताना मी तेव्हाच बघितलं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. फुलवाली तिच्या तळपायातून काच काढत राहिली.

संध्याकाळी तिने आम्हाला नवीन हुकूम दिला. "आता इचारत आला तर सांगायचं, जित्ती हाय. धंदा जोरात हाय. गाळा दाखवायचा." मी बँकेत जाऊन हातापाया पडलो. माणूस परत पाठवतो, असं साहेब म्हणाले.



दोन-चार दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस गल्लीत आला. अदबीने चहा मागितला आणि तिचं नाव घेऊन विचारलं, इथे असतात का? चहावाला आधीच्या चुकीने पोळलेला. त्याने तोंड भरून सांगितलं, हो तर, जित्ती हाय, बाई एकदम सरळ, धंदा जोरात, तो काय समोर गाळा. फुलवालीने दुजोरा दिला. मी ऑफिसच्या दारातून हसून मान डोलवली. त्या माणसाने चहाचे पैसे दिले, रस्ता ओलांडला आणि आत शिरून शटर अर्धं खाली ओढलं.

पहिली किंकाळी कोंबड्यांची होती. आम्ही धावलो तेव्हा पिंजरा आडवा झाला होता आणि त्याने तिचं डोकं ओंडक्यावर दाबून धरलं होतं. सत्तूर त्याच्या हातात होता. तिने डाव्या पंजाने पातंच धरून ठेवलं होतं आणि कोपरापर्यंत रक्त आलं होतं. ती ओरडत नव्हती, दात आवळून त्याच्याकडे बघत होती. चहावाल्याने उकळतं पातेलं त्याच्या पाठीवर ओतलं. मी, आयुष्यात कोणाला चापट न मारलेला माणूस, ऑफिसातली लोखंडी खुर्ची त्याच्या गुडघ्यावर घालत राहिलो. त्याचा गुडघा मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. फुलवालीसुद्धा त्याला चपलेने मारत होती. पोलीस आले नसते तर आम्ही त्याला जिवंत ठेवला नसता.

पोलीस तिच्या नवऱ्याला घेऊन गेले. तिचा पंजा शिवला. डॉक्टरांनी काम बंद सांगितलं.

आणि दुसऱ्या दिवशी बँकेचा खरा माणूस आला. गल्लीत कोणी 'मेली'ही म्हणेना आणि 'जित्ती'ही म्हणेना. चहावाला मान खाली घालून उभा, मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने गाळ्यात डोकावून विचारलं, "धंदा चालू आहे ना?" तिचा डावा हात गळ्यात बांधलेला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि उजव्या, वाकड्या हाताने सत्तूर उचलला. त्या हाताने ती पाण्याचा तांब्याही उचलत नसे. पहिला घाव चुकला, दुसरा हाडावर सरकला, तिसऱ्याला पाय तुटला. घामाने तिचा चेहरा निथळत होता. पूर्ण कोंबडी तोडून तिने पिशवी त्या माणसाच्या हातात दिली.

"लिव आता," ती म्हणाली.

त्याने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. कर्ज मंजूर झालं.

शेलूला जाताना तिने ओंडका टेंपोत घातला, चहावाल्याला नवे ग्लास आणून दिले आणि गल्लीला जुना हुकूम परत दिला. तिथल्या स्टेशनच्या अलीकडे तिने नवा गाळा घेतला. पुढे नवरा तुरुंगातून सुटून आला, लंगडत. दहिवलीच्या बंद शटरसमोर उभा राहून त्याने मला विचारलं. मी सांगितलं, मेली. त्याने काठी माझ्या तोंडावर मारली, समोरचा दात गेला. मी परत तेच सांगितलं. त्या वेळी मी तिच्याइतका शूर झालो होतो असं मला वाटतं. तो पुन्हा आला नाही.

मी अधूनमधून शेलूला जायचो. ती आतून तीन कड्या काढायची, मला आत घ्यायची, तीन कड्या घालायची. मग फरशीवर पाय पसरून बसायची आणि दाराकडे बघत चहा प्यायची. टीव्ही घेतला होता, पण तोंड मात्र दाराकडे. "लय गाढ झोप लागते रं भाऊ," असं ती दर वेळी सांगायची.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी तिच्या इमारतीच्या सेक्रेटरीचा फोन आला. कोंबड्यांचा टेंपो येऊन परत गेला, बाई दार उघडत नाहीत. मी पोचलो तेव्हा कटरवाला बोलावलेला होता. लोखंडी दार कापायला खूप वेळ लागला. आतलं पहारीने फोडलं. माणसं दमून घामाघूम झाली, एकाने वैतागून दाराला लाथही घातली. ती आत चटईवर कुशीला झोपली होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. दोन्ही दारं जिन्यात आडवी पडली होती आणि माणसं त्यांच्यावर पाय देऊन आत-बाहेर करत होती. मला ते बघवेना. मी त्यांना बाजूने जायला सांगत राहिलो, कोणी ऐकलं नाही.

दुपारी दहिवलीला आलो. चहावाला दूध ढवळत होता, फुलवाली माळ ओवत होती. मी दोघांसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "ताई मेली."

चहावाल्याने पातेल्यावरची नजर काढली नाही. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "कोण आलाय इचारत?"

फुलवालीने माळ बाजूला ठेवली, पायातली चप्पल हातात घेतली आणि गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे कोणीच नव्हतं.